डोळ्याची अँजिओग्राफी आणि काचबिंदू : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात काचबिंदूच्या (डोळ्याची नस हळूहळू निकामी करणाऱ्या आजाराच्या) थेंबांबद्दल लिहिलं होतं, म्हटलं आता थेंबांवरचेच प्रश्न येतील, तर आले भलतेच. निम्म्याहून जास्त लोकांनी विचारलंय ते "ओसीटी अँजिओ" नावाच्या टेस्टबद्दल (ओसीटी म्हणजे प्रकाश टाकून काढलेलं डोळ्याच्या पडद्याच्या थरांचं चित्र, अँजिओ म्हणजे त्यातल्या रक्तवाहिन्यांचं). ही टेस्ट गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईतनं सरकत सरकत जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचलीय आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर दिसली की घरात पळापळ सुरू होते. तर या वेळी सगळं सदर तिच्यावरच. पत्रं थोडी छाटलीत, नावं नेहमीसारखी काढून टाकलीत.

नाशिकहून एक ताई लिहितात : बाबा ६८ वर्षांचे, सहा वर्षं काचबिंदूचे थेंब चालू आहेत. परवा डॉक्टरांनी फाइलवर "दोन्ही डोळ्यांची ओसीटी अँजिओग्राफी" लिहून दिलं. बाबांची २०१९ ला हार्टची अँजिओग्राफी झालीय, मनगटातनं तार घातली होती आणि तिथल्या तिथे दोन स्टेंट टाकले. आता ते म्हणतात, डोळ्यात तार घालून घेणार नाही, आंधळा झालो तरी चालेल. अ‍ॅडमिट करतात का? डाय देतात का, कारण त्यांचं क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) वाढलेलं आहे. उपाशी न्यायचं का?

ताई, बाबांना आधी सांगा की तार नाही, सुई नाही, डाय नाही, अ‍ॅडमिट नाही, उपाशी तर अजिबातच नाही. सगळा घोळ नावाचा आहे. अँजिओग्राफी म्हणजे रक्तवाहिन्यांचं चित्र, एवढाच त्याचा अर्थ, पण आपल्याकडे घरटी एकाची हार्टची झालेली असते त्यामुळे शब्द ऐकला की डोळ्यापुढे स्टेंटचं बिलच येतं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. एक टेबल असतं, त्यावर मशीन. हनुवटी एका कपात ठेवायची, कपाळ पट्टीला टेकवायचं, आत एक खूण दिसते तिच्याकडे बघत राहायचं. टेक्निशियन मुलगी म्हणते "काका पापणी मिटा, हां आता उघडा, मोठा करा डोळा, हलू नका हलू नका हलू नका... झालं". एक स्कॅन काही सेकंदांचा, पण हललं की परत, म्हणून एकेका डोळ्याचे दोन-तीन होतात आणि सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं धरा. बाहुली लहान असेल तर ती मोठी करायचे थेंब घालतात, मग चार-पाच तास धूसर दिसतं, तेव्हा बाबांना स्कूटर घेऊन एकटं पाठवू नका. त्यात एक्स-रे वगैरे काही नसतो, न दिसणारा तांबूस टोकाकडचा प्रकाश असतो.

डायवाली टेस्ट वेगळी. ती १९६१ मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या दोन मेडिकल स्टुडंट्सनी पहिल्यांदा नीट करून दाखवली, हाताच्या शिरेतनं फ्लुरोसीन नावाचं पिवळं औषध द्यायचं आणि ते डोळ्याच्या पडद्यातनं वाहताना पटापट फोटो काढायचे. ती आजही करतात, डायबेटीसमध्ये पडद्यावर कुठे पाझरतंय ते बघायला ती लागतेच. त्यात काहींना मळमळ होते, कातडी पिवळी दिसते, दिवसभर लघवी पिवळीधमक होते आणि क्वचित कुणाला जोरदार अ‍ॅलर्जी येते. बाबांची ती नाहीये. डायच नाही म्हटल्यावर क्रिएटिनिनचा प्रश्नच उरत नाही.

मग डाय न देता रक्त दिसतं कसं? समजा तुम्ही लक्ष्मी रोडवर एका गच्चीत उभ्या आहात आणि संध्याकाळच्या गर्दीचे एकाच जागेवरून पाठोपाठ फोटो काढले. दुकानं, पाट्या, खांब सगळ्या फोटोंत जिथल्या तिथे. बदललं काय, तर माणसं आणि रिक्षा. आता कॉम्प्युटरला सांगितलं की जे बदललं तेवढंच पांढऱ्याने रंगव, बाकी काळं कर, तर रस्ता आपोआप उमटतो. पडद्याचंही तसंच, मशीन त्याच रेघेवरून परत परत स्कॅन करतं (चांगली मशीन्स सेकंदाला ७० हजार ते १ लाख वेळा खोली मोजतात), पडदा जागचा हलत नाही, हलतात त्या रक्तातल्या तांबड्या पेशी, त्यामुळे जिथे बदल तिथे रक्त वाहतंय असं धरून केसाच्या दहाव्या हिश्शाएवढ्या बारीक वाहिन्यांचं जाळं तयार होतं. फक्त एक लक्षात ठेवा, सिग्नलला अडकलेली रिक्षा दोन्ही फोटोंत जागच्या जागीच असते, म्हणजे ती खांबासारखीच काळी होणार. तसंच ज्या वाहिनीत रक्त फारच हळू चाललंय ती चित्रात येत नाही. चित्रात काळं दिसलं म्हणजे तिथली वाहिनी मेलीच असं समजायचं नाही.

यातलं मूळ मशीन, म्हणजे साधी ओसीटी, १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या जेम्स फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे आणलं. त्या कामासाठी फुजिमोटो, डेव्हिड हुआंग आणि एरिक स्वॉन्सन या तिघांना २०२३ चं लास्कर हे वैद्यकशास्त्रातलं मोठं पारितोषिक मिळालं. यातले हुआंग पुढे ओरेगॉनमध्ये पोर्टलँडला गेले आणि तिथेच २०१२ मध्ये याली जिया आणि त्यांच्या टीमने ही हललेलं तेवढं वेचायची गणिती युक्ती छापली, तिच्यावर पुढे मशीन्सही उभी राहिली. साधी ओसीटी बाबांची झालीच असेल, तीच खुर्ची, तेच मशीन, फक्त सॉफ्टवेअर वेगळं.

आणि काचबिंदूत ती कशाला? डोळ्यातनं मेंदूकडे जाणारी जी नस आहे ती म्हणजे दहा-बारा लाख बारीक तंतूंची जुडी. हे तंतू पडद्यावरून नसेकडे जातात तेव्हा त्यांच्या सोबतीने, त्यांच्याच दिशेने अतिशय बारीक केशवाहिन्या धावतात. काचबिंदूत तंतू कमी होत जातात आणि या वाहिन्याही विरळ होतात, बहुतेक वेळा नसेच्या खालच्या कानाकडच्या बाजूला आधी, आणि चित्रात तिथे पाचरीसारखा काळा पट्टा दिसतो. डॉक्टरांना बहुधा बघायचंय की सहा वर्षं थेंब चालू असताना ही विरळी वाढतेय की थांबलीय.

(ताईंना मी ईमेलवर आधीच कळवलं होतं, हा अंक यायला वेळ होता म्हणून. टेस्ट झाली. आईंनी माझं न ऐकता बाबांना उपाशीच नेलं आणि बाबांची आता तक्रार अशी की एवढ्याशा गोष्टीसाठी सकाळचे पोहे बुडाले.)

कोल्हापूर, निवृत्त मुख्याध्यापक : माझ्याकडे दोन रिपोर्ट आहेत. ऑगस्टमध्ये एका सेंटरला डाव्या डोळ्याची व्हेसल डेन्सिटी ४६ टक्के आली, डिसेंबरमध्ये दुसरीकडे ५१. मधल्या काळात त्याच डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पाच टक्के सुधारणा झाली असं समजून थेंब कमी करावेत का? शिवाय नकाशात लाल रंग बराच आहे, त्याची काळजी वाटते. डायबेटीस १२ वर्षं.

सर, थेंब कमी करू नका. हे आधी लिहिते कारण पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं पोचावं.

तुमचं पत्र वाचून मला हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं, कारण चूक तुमची नाहीये, टक्केवारी छापली की माणूस तिच्याकडे मार्कशीटसारखंच बघणार आणि तुम्ही तर जन्मभर तेच केलंय. पण हे टक्के पास-नापासचे नाहीत. ठरलेल्या चौकोनातला किती भाग वाहत्या रक्ताने व्यापलाय एवढंच त्यात मोजलेलं असतं. चौकोन केवढा, मोठ्या वाहिन्या धरायच्या की वगळायच्या, किती खोलीपर्यंतचा थर घ्यायचा, हे प्रत्येक कंपनीचं आपापलं. त्यामुळे एका मशीनचे ४६ आणि दुसऱ्याचे ५१ यांची वजाबाकी करायचीच नसते. एका दुकानाच्या काट्यावर गूळ मोजला आणि दुसऱ्याच्या काट्यावर परत मोजून म्हटलं बघा वाढला, तसं ते होतं.

त्यात मधे मोतीबिंदू निघाला. मोतीबिंदू म्हणजे मशीनच्या दृष्टीने धुरकट काच, प्रकाश आत कमी जातो, सिग्नल मंदावतो आणि मंद सिग्नलमध्ये बारीक वाहिन्या सॉफ्टवेअरला सापडतच नाहीत, मग डेन्सिटी खोटीच कमी येते. काच स्वच्छ झाली, आकडा वर गेला. रक्तवाहिन्या होत्या तेवढ्याच आहेत. म्हणून रिपोर्टवर टक्क्यांच्या आधी एक दुसरा आकडा शोधायचा, सिग्नल स्ट्रेंग्थ किंवा क्वालिटी, तो कुठे १० पैकी असतो, कुठे १०० पैकी. तो खराब असेल तर बाकीचं पान वाचूच नका. कोरड्या डोळ्यांनीही तो पडतो, टेस्टच्या जरा आधी अश्रूंसारखे साधे थेंब घातले तर चित्र सुधारतं, माझ्या ओपीडीत आम्ही सर्रास तसं करतो. आणि त्याच मशीनवर त्याच दिवशी लागोपाठ दोनदा केलं तरी दोन-तीन टक्के इकडे-तिकडे होतात हेही धरून चाला.

आता लाल रंग. याच्यावरून मी मशीनवाल्यांशी मनातल्या मनात कितीदा भांडलेय! डेन्सिटीच्या रंगीत नकाशात लाल-नारिंगी म्हणजे दाट वाहिन्या, भरपूर रक्त, चांगलं. निळं म्हणजे विरळ. आणि त्याच फाइलमध्ये पुढच्या पानावर तंतूंच्या जाडीचे जे गोल असतात, त्यांत हिरवं म्हणजे नॉर्मल आणि लाल म्हणजे नॉर्मलपेक्षा बरंच कमी. म्हणजे एका पानावर लाल चांगला आणि दुसऱ्यावर लाल वाईट. तुमच्या नकाशात लाल बराच आहे असं तुम्ही लिहिलंय, तो जर पहिल्या प्रकारचा असेल तर आनंदच आहे.

डायबेटीसचं मुद्दाम विचारणार होते, तुम्हीच लिहिलंत ते बरं. डायबेटीसही पडद्याच्या केशवाहिन्या खातो, बीपीही, आणि वयाने तर सगळ्यांच्याच थोड्या कमी होतात. तेव्हा आकडा खाली आला म्हणजे काचबिंदूच वाढला असंही नाही. डिसेंबरचा रिपोर्ट हा मोतीबिंदूनंतरचा पहिला, तोच पाया धरा, पुढचा त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा, आणि ऑगस्टचा ठेवा फाइलीत मागे.

फलटणजवळचे एक शेतकरी दादा : वडिलांच्या रिपोर्टवर लिहिलंय की नसेचा रक्तपुरवठा कमी. मग रक्त कमी पडलं म्हणून नस सुकली, का नस सुकली म्हणून रक्त कमी झालं? आमच्याकडे पाटाचं पाणी आटलं की ऊस वाळतो, पण ऊस मोडून रान पडीक टाकलं तर पाटकरी पण तिकडं पाणी सोडत नाही.

दादा, जगातले मोठमोठे काचबिंदूवाले गेली कित्येक वर्षं हेच भांडतायत आणि कुणी इतक्या सरळ शब्दांत मांडलेलं मी तरी ऐकलं नाही.

दोन्ही बाजूंना थोडं थोडं आहे. पडीक रानाच्या बाजूने बोलायचं तर शरीर हिशेबी आहे, जिथे काम करणाऱ्या पेशी उरल्या नाहीत तिथे रक्ताची मागणी घटते आणि केशवाहिन्या मिटतात. पुष्कळ रुग्णांत तंतूंची पाचर आणि वाहिन्यांची पाचर अगदी एकावर एक बसते, आणि सुरुवातीच्या काचबिंदूत ही नवीन टेस्ट जुन्या ओसीटीच्या पुढे धावतेय असं काही ठामपणे दिसत नाही. रक्त आधी जात असतं तर ती बरीच पुढे धावायला हवी होती, नाही का?

पाट आटल्याच्या बाजूनेही पुरावे आहेत. सॅन डिएगोला कॅलिफोर्निया विद्यापीठाचं काचबिंदूचं मोठं सेंटर आहे, त्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की नजरेच्या फिल्डचं (समोर बघताना आजूबाजूचं जेवढं दिसतं त्या टापूचं) नुकसान आणि वाहिन्यांची विरळी यांचं नातं घट्ट आहे, तंतूंच्या जाडीपेक्षाही घट्ट. त्यांच्याच पुढच्या कामात एका डोळ्याचं फिल्ड बिघडलेल्या लोकांच्या दुसऱ्या, फिल्ड अजून चांगलं असलेल्या डोळ्यातही वाहिन्या निरोगी माणसापेक्षा कमी सापडल्या. शिवाय ज्यांना मायग्रेन आहे, थंडीत बोटं पांढरी पडतात, झोपेत बीपी फार खाली जातं, अशांमध्ये डोळ्याचं प्रेशर न वाढताच होणारा काचबिंदू जास्त दिसतो, आणि नसेच्या कडेला कधी कधी रक्ताची एक बारीक रेघ येते, ती दिसली की आम्ही सावध होतो कारण अशा डोळ्यांत आजार पुढे सरकायची शक्यता जास्त.

ऑपरेशन करून प्रेशर उतरवल्यावर वाहिन्या परत दिसायला लागतात का, हे बघून निकाल लागेल असं वाटलं होतं, तर काही डॉक्टरांना दिसल्या, काहींना नाही. आपल्याकडे बंगळुरूच्या नारायण नेत्रालयाचे डॉ. हर्षा राव यांनी काचबिंदूच्या दोन्ही मुख्य प्रकारांत ही टेस्ट वापरून बरंच काम केलंय, पण तुमच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर कुणाकडेच नाही. मला स्वतःला विचाराल तर बऱ्याच लोकांत दोन्ही एकदम चालू असतं, पाणी कमी पडतं म्हणून ऊस खुरटतो आणि खुरटलेल्या उसाला पाणी अजून कमी मिळतं.

वडिलांसाठी याचा अर्थ एवढाच की आजच्या घडीला आपल्या हातात असलेला आणि सिद्ध झालेला नळ एकच, डोळ्याचं प्रेशर. ते उतरवायचं. आणि बीपीची गोळी ते रात्री झोपताना घेत असतील तर बीपीच्या डॉक्टरांना काचबिंदू आहे हे सांगून वेळेबद्दल विचारा, स्वतःच्या मनाने गोळी हलवू नका.

पुणे, आयटीतला ४१ वर्षांचा वाचक : चष्म्याचा नंबर चेक करायला गेलो (मायनस साडेसात), डॉक्टर म्हणाले नसेचा कप (नसेच्या तोंडाशी असलेला खळगा) मोठा आहे, ओसीटीत खालची बाजू लाल, फिल्ड नॉर्मल, प्रेशर १५. आता ओसीटीए (म्हणजे ओसीटी अँजिओ) सांगितलीय. प्रेशर नॉर्मल असताना काचबिंदू कसा? बीपी १०० बाय ६० असतं, मायग्रेन आहे, फिटनेस उत्तम, रोज पाच मिनिटं शीर्षासन करतो.

मित्रा, शीर्षासन आजपासून बंद. चेन्नईच्या शंकर नेत्रालयात २००६ साली योग करणाऱ्यांचंच प्रेशर शीर्षासनात मोजलं होतं, ते जवळजवळ दुप्पट होतं. निरोगी डोळा ते सोसतो, तुझ्याबद्दल अजून शंका आहे तर कशाला रोज परीक्षा घ्यायची. सर्वांगासनही नको, बाकी पळ, पोह, सूर्यनमस्कार घाल.

प्रेशर नॉर्मल असून काचबिंदू होतो, आणि आपल्या आशियात तर बराच होतो. जपानमध्ये ताजिमी नावाच्या शहरात मोठी पाहणी झाली, २००४ मध्ये छापली, त्यात ओपन अँगल (डोळ्यातलं पाणी बाहेर जायचा कोन उघडा असतानाही होणारा) काचबिंदू सापडलेल्यांपैकी ९२ टक्के लोकांचं प्रेशर २१ किंवा त्याच्या आतच होतं. २१ ही लक्ष्मणरेषा नाहीये, सरासरीवरून काढलेला आकडा आहे. एखाद्याची नस १५ पण सोसत नाही. आणि अशा लोकांतही प्रेशर अजून उतरवल्याने फायदा होतो, १९९८ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात ३० टक्के उतरवलं तर आजार पुढे सरकणाऱ्यांचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून १२ वर आलं.

पण तुला काचबिंदू आहेच असं मी म्हणत नाहीये. साडेसात नंबर म्हणजे डोळा लांबट, पडदा ताणलेला, नस तिरकी बसलेली, तंतूंच्या वाटा जरा सरकलेल्या. मशीनमधला "नॉर्मल" लोकांचा जो साठा असतो त्यात इतक्या मोठ्या नंबरची माणसं सहसा घेतलेलीच नसतात, त्यामुळे तुझी तुलना होते ती भलत्याच लोकांशी आणि कागद लाल होतो. आमच्यात त्याला थट्टेने "रेड डिसीज" म्हणतात, आजार डोळ्याला नाही, कागदाला. अशा वेळी ओसीटीए कामाची असते ती टक्क्यांसाठी नाही, चित्रासाठी. मोठ्या नंबरात वाहिन्या थोड्या सगळीकडूनच विरळ असतात, पण नसेपासून निघून बाहेर पसरत गेलेली, कडा स्पष्ट असलेली पाचर दिसली आणि तीही ओसीटीतल्या लाल जागेवरच, तर मी गंभीर होते. तशी पाचर नसेल तर घाई न करता सहा महिन्यांनी सगळं परत, त्याच मशीनवर.

मायग्रेन आणि कमी बीपी डॉक्टरांना सांगितलंयस का? सांग. आणि आईवडील, भावंडं यांपैकी कुणाला काचबिंदू आहे का ते विचार, फोनवर विचारलंस तर "मोतीबिंदू होता" असंच उत्तर येईल कारण आपल्याकडे दोन्हीत कायम गल्लत होते, तेव्हा जुनी फाइल बघ.

सोलापूरहून सून लिहितात : सासूबाई ७६, एक डोळा पूर्ण गेलाय, दुसऱ्यात काचबिंदू खूप पुढे. तंतूंची जाडी तीन वर्षं ५२, ५३, ५२ अशीच येते, म्हणजे स्थिर आहे ना? पण त्या म्हणतात दिसणं कमी झालंय. बटन दाबायच्या (फिल्डच्या) टेस्टमध्ये त्यांना झोप लागते.

ताई, सासूबाईंचं ऐका. निरोगी माणसाची ती जाडी सरासरी ९०-१०० मायक्रॉन असते आणि काचबिंदूत उतरत उतरत ५०-५५ च्या आसपास येऊन थांबते, कारण तंतू संपले तरी मोठ्या रक्तवाहिन्या आणि त्यांना धरून ठेवणारा आधाराचा भाग उरतोच, त्याची जाडी मशीन मोजत राहतं. तळाला टेकलेली बादली आणखी खाली जात नाही, त्यामुळे ५२-५३ ला मी स्थिर म्हणणार नाही, त्या मापाची मोजायची ताकद संपलीय एवढंच.

माझ्या मते ओसीटी अँजिओचा सगळ्यात खरा उपयोग इथेच आहे. वाहिन्यांचा आकडा, विशेषतः पडद्याच्या मध्यभागाचा, इतक्या लवकर तळाला टेकत नाही, तंतूंचं माप थांबल्यावरही तो आणखी काही काळ उतरताना दिसू शकतो. अट एकच, त्यांना खुणेकडे बघत राहता आलं पाहिजे. मधली नजर पार मंदावली असेल तर खूण दिसत नाही, डोळा भिरभिरतो आणि चित्रावर आडव्या रेघा येतात, एकच घर दोनदा छापल्यासारखं दिसतं. तसं झालं तर तो कागद फेकून द्यायला लावा, त्यावर निर्णय नको.

आणि बटनची टेस्ट सोडू नका. पहिली वेळ सकाळची घ्या, मशीनमध्ये आता जलद प्रोग्रॅम आलेत ते मागा, मधल्या १० अंशांचीच बारकाईने तपासणी होते ती विचारा. अजून एक बारकी गोष्ट जी कुणी सांगत नाही : बऱ्याच मशीनवर बटन दाबूनच धरलं की टेस्ट थांबते, सोडलं की पुढे चालू. डोळा पुसायचाय, मान अवघडली, झोप आली, तर धरून ठेवा म्हणावं. मीच हे एका पेशंट आजींकडून शिकले.

ठाणे, नाव नाही : बिटाचा रस, गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) आणि त्राटक याने डोळ्यातल्या वाहिन्या परत येतात असा व्हिडिओ बघितला.

बिटाची कोशिंबीर छान लागते. गिंकोवर छोटे छोटे अभ्यास आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही, शिवाय रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्याने रक्तस्राव वाढू शकतो. त्राटकाने प्रेशर उतरतं असं धरून थेंब सोडलेले दोघे माझ्याकडे आले होते, दोघांचंही फिल्ड तेवढ्या वेळात आणखी गेलं होतं.

चिपळूणजवळच्या गावातून : आमच्या तालुक्याला हे मशीन नाही. डॉक्टर नुसते भिंगाने बघतात आणि प्रेशर मोजतात. आई ६० वर्षांची, काचबिंदूची सुरुवात म्हणाले. रत्नागिरी किंवा पुण्याला न्यावं का? की उशीर होतोय?

दादा, भिंगाने नस बघणं याला "नुसतं" म्हणू नका. हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये डोळ्याच्या आत बघायचं उपकरण छापून जगाला दिलं तेव्हापासून काचबिंदू आम्ही असाच ओळखतोय आणि आजही जगात कुठेही निव्वळ ओसीटी अँजिओवरून काचबिंदूचं निदान करत नाहीत. ती जोडीची टेस्ट आहे. सुरुवातीच्या आजारात तर तिने साध्या ओसीटीपेक्षा फार वेगळं काही कळेलच असं नाही, ते मी वर फलटणच्या दादांना लिहिलंयच.

तुमच्या डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. प्रेशर वेगवेगळ्या वेळी मोजलं का. बुबुळाची जाडी मोजली का, कारण पातळ बुबुळात प्रेशर खोटंच कमी दिसतं. कोन बघितला का, म्हणजे डोळ्याला एक काच टेकवून पाणी बाहेर जायची जाळी उघडी आहे की चिंचोळी ते बघतात, हे फार महत्त्वाचं आहे कारण कोन चिंचोळा असेल तर लेझरने बारीक भोक पाडून पुढचा अचानक अटॅक टाळता येतो आणि हे मशीनच्या रंगीत चित्रात कुठेही दिसत नाही. आणि फिल्ड कुठे करून मिळेल. फिल्डसाठी आणि साध्या ओसीटीसाठी एकदा रत्नागिरीला जाऊन या, पाया तयार होईल. त्यासाठी थेंब थांबवू नका, गावात जे लिहून दिलेत ते आजपासून घाला.

आईला दमा आहे का? असेल तर थेंब लिहिणाऱ्या डॉक्टरांना सांगा, टिमोलॉल असलेले थेंब दम्याला चालत नाहीत. डोळे लाल झाले की मेडिकलमधनं आणलेले थेंब घालायची सवय असेल तर ती बाटली घेऊन जा आणि दाखवा, त्यात स्टेरॉइड असलं तर प्रेशर त्यानेच चढलेलं असू शकतं. आणि तुम्ही स्वतः चाळिशी ओलांडलीय का ते लिहिलं नाहीत. ओलांडली असेल तर आईबरोबर रत्नागिरीला जाल तेव्हा तुमचीही नस बघून घ्या, भावंडांनाही न्या. चेन्नईच्या पाहणीत काचबिंदू निघालेल्या दहातल्या नऊहून जास्त लोकांना तो आहे हे तोपर्यंत माहीतच नव्हतं, आणि सख्ख्या नात्यात तो असला की आपल्याला व्हायची शक्यता कितीतरी पटीने वाढते. एका एसटीच्या फेरीत सगळ्यांचं होऊन जाईल, मात्र बाहुली मोठी करायचे थेंब सगळ्यांना एकदम घालून घेऊ नका, परतीच्या गाडीची पाटी वाचायला एकजण तरी लागेल.